मोठ्याने म्हटलेले आभार

एस्तेर, मी गाव सोडलं त्या सकाळी तू चुलीमागे लपून बसली होतीस. तुला निरोप द्यायचा नव्हता. बैलगाडी मिशनच्या देवळासमोर उभी होती, माझी पत्र्याची ट्रंक वर चढवून झाली होती, आणि आपले पप्पा गाडीच्या चाकावर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. गावातल्या बायकांना वाटलं, मास्तर रडतायत. ते प्रार्थना करत होते. मग डोळे उघडून मला म्हणाले, "शांता, मुंबईत भीती वाटेल. वाटू दे. पण देवाकडे काही मागण्याआधी रोज एका गोष्टीचे आभार मान. कालची गोष्ट आज चालायची नाही."

हे आपल्याला नवीन नव्हतं. आई गेल्यापासून रोज दिवेलागणीला ते आपल्या दोघींना समोर बसवून हेच करून घ्यायचे. तू रोज शेळ्यांचे आभार मानायचीस. एक दिवस काळीचे, एक दिवस पांढरीचे, तिसऱ्या दिवशी तुटक्या शिंगाचीचे. पप्पा हसू दाबून 'आमेन' म्हणायचे.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन आठवडे झाले होते. हे परळला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. भोईवाड्यात दुसऱ्या मजल्यावर एक खोली, पुढे सगळ्यांची मिळून गॅलरी, आणि शेजारच्या खोलीत नि आमच्यात फक्त फळ्यांची भिंत. पलीकडे कुणी खोकलं तरी अलीकडे कळायचं.

मी किती घाबरट होते ते तुला ठाऊक आहे. पहिल्या पहाटे गिरणीचा भोंगा वाजला तेव्हा मला वाटलं, कुठेतरी आग लागली. पिठाच्या हातांनी मी गॅलरीत धावले. शेजारच्या सावंतवहिनी नळावर निघाल्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली नि पोट धरून हसल्या. मालवणकडच्या त्या. मला म्हणाल्या, "भिया नको गो! माणसांका कामाक बोलवता तो." मग माझा हात धरून मला नळावर नेलं, रांगेत आपल्यापुढे उभं केलं. त्यांचे यजमान गिरणीत विणकर. चाळ त्यांना सावंतभाऊ म्हणायची. दोन मुली, थोरली सहाची, धाकटी तीनची.

मी पप्पांचं ऐकत होते. रोज आभार मानत होते. पण खरं सांगू? ते आभार नव्हते, ती भीतीच होती. मला वाटायचं, एखादी गोष्ट मोजायची राहिली तर देव ती काढून घेईल. हे कामाला निघाले की मी भराभरा पुटपुटायची: यांच्या हातांसाठी उपकार, डोळ्यांसाठी उपकार, यंत्रात बोट सापडलं नाही त्याबद्दल उपकार. सावकाराला हात जोडावेत तशी. मला दिवस गेले तेव्हा तर हे पुटपुटणं दिवसभर चालू झालं.

त्याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. चाळीखाली रोज सभा, मोर्चे, घोषणा. आम्ही माझगावच्या मराठी चर्चला चालत जायचो, तेही बंद झालं. एकदा जिन्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी यांना अडवलं. म्हणाला, "तुम्ही किरिस्ताव. तुम्हाला काय पडलंय महाराष्ट्राचं?" मी यांच्या मागे लपले. वरून सावंतभाऊ खाली आले नि म्हणाले, "अरे, ही शांतावहिनी तुझ्या माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलते. हिला विचारून बोलत जा." तो माणूस हसून बाजूला झाला. 

नंतर ते दिवस आले. रस्त्यात दगड, फुटलेले दिवे, पोलिसांच्या लॉऱ्या. अश्रुधूर वरपर्यंत यायचा. आम्ही बायका ओल्या फडक्यांनी मुलांचे डोळे पुसत बसायचो. एका सकाळी हे कामाला गेले नि मागोमाग कर्फ्यू लागला. ती रात्र गेली. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी यांचा पत्ता नाही. मला सहावा महिना. सकाळपासून मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते. नाक्यावरून कुणीही वळलं की वाटायचं, हेच. जवळ आला की दुसराच कुणी निघायचा.

चारच्या सुमाराला सावंतभाऊ बाहेर आले. "वहिनी, किती वेळ उभ्या राहणार? या अवस्थेत? आत जा, पाठ टेका. मी उभा राहतो इथे. दिसले की हाक मारतो."

मी आत गेले. चटईवर बसले. अजून पाठ टेकली नव्हती, तोच बाहेर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, आणि लगेच कुणीतरी जड वस्तू टाकावी तसा दुसरा.

हाक आली नाही.

मी दाराशी आले तेव्हा सावंतभाऊ कठड्याशी आडवे पडले होते आणि वहिनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गोळी कुठून आली, कुणावर झाडली होती, हे कुणालाच कधी कळलं नाही. चार माणसांनी त्यांना खाटेवर घातलं नि मागच्या बोळातून हॉस्पिटलात नेलं. वहिनींना कुणी जाऊ दिलं नाही. त्या तिथेच बसून राहिल्या. लुगडं रक्ताने भिजलेलं, हात तसेच उघडे, मांडीवर ठेवलेले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर, जवळ जायचं धैर्य नाही. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती: मी उभी होते. तिथे मी उभी होते.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हे वर आले. कपडे मळलेले, डोळे लाल, पण धडधाकट. रात्रभर कारखान्यातच अडकले होते. त्यांना बघताच माझ्या तोंडून, अगदी मोठ्याने, निघून गेलं, "देवा, तुझे उपकार!"

सावंतवहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्या नजरेत राग नव्हता गं. असता तर बरं झालं असतं. जणू त्यांना फक्त ऐकू आलं होतं की आमच्या दोघींचा देव एक नाही.

तासाभरात निरोप आला. सावंतभाऊ हॉस्पिटलात पोचेपर्यंतही राहिले नव्हते.

त्या दिवसापासून मला आभार मानता येईनात. 'उपकार' हा शब्द तोंडाशी आला की वहिनींनी वर केलेली मान दिसायची. फळ्यांच्या पलीकडून वहिनींचं रडणं यायचं. रडणं नसलं की त्यांचं गप्प राहणं यायचं, ते जास्त भयंकर. मी आमच्या खोलीत भांडंसुद्धा वाजू देत नव्हते. आपण जिवंत आहोत हे पलीकडे ऐकू जाईल म्हणून. आणि आता देव बाळ नेणार, ही भीती तर चोवीस तास. ज्याची किंमत दुसऱ्याने भरली ते आपल्याकडे कसं राहील?

यांनी पप्पांना पत्र टाकलं. वाटा मोकळ्या होताच पप्पा मला न्यायला आले. तुला आठवत असेल, तुला मिशनच्या बोर्डिंगात ठेवून आले होते. दुपारची जेवणं वाढली, पप्पांनी डोळे मिटले नि नेहमीसारखं म्हणाले, "शांता, आजचे आभार कशाचे?"

"आज काही नाही, पप्पा."

त्यांनी डोळे उघडले. मी सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, भिंतीकडे बघत. मला वाटलं, आता पवित्र शास्त्रातलं काहीतरी सांगतील. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा सहा महिने मी नुसतं तोंड हलवत होतो. तुम्ही पोरी बघत होता म्हणून. आतून एक शब्द येत नव्हता."

एस्तेर, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आपण दोघी शेळ्या मोजत होतो तेव्हा आपला बाप समोर बसून मुका होता.

"मग परत कसं आलं?" मी विचारलं.

"तुझ्या काकूकडून. ती तुझ्या आईवर जळायची, तुला ठाऊक आहे. एक दिवस येऊन एस्तेरला न्हाऊ घालून गेली. काही बोलली नाही. मला वाटलं, हिचे तरी आभार मानले पाहिजेत." मग म्हणाले, "चल, तुझी ट्रंक भर. बाळंतपण गावी कर."

मी ट्रंक काढली. दोन लुगडी ठेवली. पलीकडे सावंतांची धाकटी भुकेने रडायला लागली. वहिनी उठल्याचा आवाज येईना. पोर रडतच राहिली. मी पप्पांकडे बघितलं.  मग भाताचं पातेलं उचललं नि बाहेर पडले. सावंतभाऊ गेल्यापासूनचे पंधरा दिवस मी त्या दारासमोरून मान खाली घालूनच जात होते. मी कडी वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी... तुम्ही ऐकलंत."

"ऐकलंय," त्या म्हणाल्या. "माझो घोव जिन्यावरून वर इलो असतो, तर मी पण तसाच म्हटला असता." मग पातेलं माझ्या हातातून घेतलं. "पण माझ्या समोर परत म्हणा नको."

"नाही म्हणणार."

पप्पा दोन दिवस राहून एकटेच परत गेले. स्टेशनवर निघताना ते घाबरलेले होते. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला ट्रंक भरायचा आग्रह मात्र त्यांनी परत केला नाही.

मुलगी परळलाच झाली. वहिनी बाळंतपणाला माझ्या उशाशी होत्या. पुढे त्यांना गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायचं काम मिळालं. त्यांच्या मुली माझ्याकडे असायच्या. मी शब्द पाळला. आभार मानायचे ते मनात, आणि हाताने: त्यांचं पाणी भरून ठेवणं, मुलींच्या वेण्या. भीती गेली नाही. पण पूर्वी मी देवाला गोष्टी मोजून दाखवायची, ते थांबलं.

मग महाराष्ट्र राज्य झालं. संध्याकाळी अख्खी चाळ दिव्यांनी उजळली, खाली लेझीम, पेढे. वहिनींनी मात्र दार लावून घेतलं होतं. मी हळूच आत जाऊन त्यांच्याजवळ बसले. खाली फटाक्यांची माळ लागली नि मी दचकून त्यांचा दंड घट्ट धरला. त्यांनी माझा हात वरून दाबून धरला. कितीतरी वेळ आम्ही दोघी तशाच भिंतीला टेकून बसलो होतो. मग माळ संपली, आणि त्या म्हणाल्या, "शांता, तुझ्या देवाचे आज काय उपकार?"

"मी शब्द दिलाय, वहिनी."

"सांग गो. आज सांग."

"तुम्ही दाराला आतून कडी घातली नव्हती, त्याचे."

त्या रडल्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा.

आता तू लिहितेस, हे गेले, मुलगी सासरी, मग आता तरी घरी ये. गावच्या घराला नवं छप्पर घातलंय, अंगणात मोगरा आहे. एस्तेर, माझा जीव तिथे ओढतो, खोटं कशाला बोलू? पण वहिनींना आता दिसत नाही. मुली रोज येऊ शकत नाहीत. सकाळी मी त्यांना चहा पाजते, दुपारी हात धरून गॅलरीत बसवते. चाळ पाडणार म्हणतात. कधी, कुठे, कुणालाच माहीत नाही. त्याची मला धास्ती आहे. त्याहून मोठी धास्ती, आमच्यातली कोण आधी जाईल याची. रोज उठल्याबरोबर मी फळ्यांना कान लावते. पलीकडे खोकला ऐकू आला की माझ्या तोंडून निघून जातं, "देवा, तुझे उपकार." वहिनी तिकडून ओरडतात, "होय गो, जिती असंय अजून!" घर म्हणशील तर माझं आता तेवढंच आहे.