मढ ते मुलुंड: सायकल माझी, स्वार सावंत

निघायचं ठरलं ते नव्या चाकांमुळे. माझा मित्र सावंत, राहणार मुलुंड, मूळचा कुडाळकडचा. माझ्या सांगण्यावरून त्याने सायकलीला उंच रिमची कार्बनची चाकं बसवली होती. नवी चाकं आणि नवा जावई, दोन्ही चारचौघांत मिरवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. सावंतच्या होणाऱ्या जावयाकडची मंडळी रविवारी अकराला साखरपुड्याची तारीख ठरवायला येणार होती. म्हणजे चाकं त्याआधीच मिरवायला हवीत.

शनिवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या भरवशावर सोडतेय यांना. पाहुणे दारात आणि मुलीचा बाप खाडीपलीकडे, असं नको."

"पाहुण्यांच्या आधी तो घरात असेल. माझा शब्द."

"ती चाकंसुद्धा तुमच्याच शब्दावर आली ना," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी सहाला घाटकोपरहून निघालो. पहिला चहा साकीनाक्याला. इथेच मी एकेकाळी लेथवर हेल्पर होतो आणि तयार माल कॅरियरला बांधून अंधेरीला पोचवायचो. त्या सायकलीला गिअर नव्हते, ब्रेकचीही खात्री नव्हती. आज दोन मशीनचं स्वतःचं युनिट आहे आणि मी पंधरा ग्रॅम वाचवायला टायटॅनियमचे बोल्ट लावतो. पोट दोन किलोने उतरवलं तर ते फुकटात होईल, पण त्याला अपग्रेड म्हणता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, साकीनाका सातच्या आत ओलांडा, नाहीतर टेम्पो तुम्हाला ओलांडतात. अंधेरीला स्टेशनच्या पश्चिमेला गेलात की वर्सोव्यापर्यंत सरळ रस्ता. पुढची खाडी फेरीबोटीने, धक्क्यावर सुट्टे ठेवा, सायकलीचं तिकीट वेगळं. रांगेत आमच्या मागे दोन कोळी उभे होते.

"यांच्या सायकलीला स्टँड पन नाय, कॅरियर पन नाय."

"मग हाय काय?"

"किंमत."

सावंतला ऐकू गेलं नाही. तो चाकाचा आवाज ऐकत होता.

खाडी पाच मिनिटांत संपते, मढ लागतं. पुढे एरंगळपर्यंतचा रस्ता सुरेख आहे, ताडाची झाडं, अंगाला थंड वारा आणि हवेत सुकटीचा वास. एका वळणावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. सावंतने ब्रेक मारला.

आता सायकलवाल्यांच्या फोटोचे नियम असतात, ते बाहेरच्यांना माहीत नसतात. चेन कॅमेऱ्याकडे हवी, पेडल आडवं हवं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह बरोबर खाली हवा. यात चूक झाली तर ग्रुपवर आठवडाभर तेच चालतं. सावंत सायकल ढकलत थेट मांडवाखाली गेला, व्हॉल्व्ह खाली आणायला मागे-पुढे करत राहिला, आणि फुस्स.

"शिंगाला मासलीचा काटा हाय तो," मांडवामागून एक मावशी आली. "मासली वालतेय तिथं सायकल कशाला घातली?"

फोटो झकास आला होता, पण घड्याळात साडेआठ वाजले होते.

फुटलेली ट्यूब काढली. सावंतने बॅगेतून नवी ट्यूब काढली, आत घातली, आणि व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येईना. रिम उंच झाली, जादा ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र जुन्या चाकांच्या मापाचा राहिला. माझी काढली, तीही आखूड. माझं अख्खं चाक लावावं, तर दोन्ही सायकलींचे ब्रेक वेगळे. पंक्चरचा पॅच दोघांकडेही नव्हता. वीस वर्षं मी पॅच मारलेल्या ट्यूबवर धंदा केला, पण आता ग्रुपमध्ये पॅच बाळगणं कमीपणाचं.

"मेल्या, तुझ्या नादाक लागून मी ही चाका घेतलंय," सावंत म्हणाला. "आता घराक काय सांगू?"

बस नुकतीच गेली होती. दोन रिक्षा दिसल्या, दोन्हींत पाच-पाच माणसं आणि एक डबा. सावंत परत धक्क्यापर्यंत चालत गेला असता तर पाहुणे चहा पिऊन निघाले असते. सव्वानऊपर्यंत आम्ही तो व्हॉल्व्ह पक्कडीने ओढत बसलो. मला चाकाच्या जागी वहिनींचा चेहरा दिसत होता.

मावशी बोंबील पालथे करता करता बघत होती. शेवटी म्हणाली, "तुमची सायकल धड हाय ना? मग यांना द्या, जाऊ द्या."

सायकलवाला माणूस दुसऱ्याला किडनी देईल, सायकल नाही. माझी सीट कितीवर ठेवायची हे ठरवायला दोन महिने लागलेत, तिथे मी नेलपॉलिशने खूण केली आहे. आणि सावंत माझ्यापेक्षा सात इंच बुटका.

"नको रे," तो म्हणाला, "तुझी सीट..."

"गप बस." मी पाना काढला आणि सीट खाली केली. आवाज असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

तरी एक अडचण होतीच. आमचे बूट पेडलमध्ये खटकन अडकणारे, आणि दोघांच्या बुटांच्या कंपन्या वेगळ्या. सावंतचा बूट माझ्या पेडलवरून घसरायला लागला. मावशीने पायरीवरून निळ्या रबरी चपला आणून टाकल्या. "आमच्या मालकाच्या हायत. पुढच्या रविवारी आनून द्या, नायतर तो माझ्या घेल."

सावंत मार्वेच्या दिशेने दिसेनासा झाला. अंगात महागडी जर्सी आणि पायात चपला.

मी सावंतची सायकल घेऊन बर्फाच्या टेम्पोतून मालाडला आलो. तिथून रिक्षा. दोन्ही चाकं काढली की सायकल मागच्या सीटवर मावते, ड्रायव्हर थोडी कुरकुर करतो. घाटकोपर येईपर्यंत त्याने दोनदा विचारलं, "साब, मच्छी का धंदा है क्या?"

दुपारी वहिनींचा फोन. "पावणेअकराला आले. पाहुणेही तेव्हाच, ते लिफ्टमध्ये, हे जिन्याने, तरी हेच आधी. तारीख ठरली. चपलांचं अजून विचारलेलं नाही, पाहुण्यांसमोर कसं विचारणार?" मग म्हणाल्या, "भाऊजी, शब्द पाळलात."

संध्याकाळी सावंत सायकल देऊन गेला, पेढ्यांसकट. तेव्हा लक्षात आलं की हँडलवरचा वेग-वेळ मोजणारा छोटा कॉम्प्युटर माझाच होता आणि दिवसभर चालूच राहिला होता. सायकल घरात आली तशी घरचं वायफाय पकडून त्याने मढ ते मुलुंडसकट सगळी राईड माझ्या नावावर ग्रुपात टाकून दिली. पवईच्या चढावर माझी आजवरची सर्वात चांगली वेळ, तीही चार मिनिटांनी कमी. घाबरलेला मुलीचा बाप काय पळवतो, ते तेव्हा कळलं.

ग्रुप पेटला. 'शेठ, वाट लावलीत सगळ्यांची. काय अपग्रेड केलं?'

मी खोटं बोलत नाही. लिहिलं, 'रबरी चपला.'

रात्रीपर्यंत चौघांनी लिंक मागितली.