माटोळीखालची नोटीस

कामतशेटच्या घरी पाठवलेली नोटीस मी दिली नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारातही नाही. ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तो माणूस, दामोदर परब, गेल्या महिन्यात धारगळला आपल्या घरी वारला. मी तेव्हा पालिकेच्या खिडकीवर बसलो होतो. समोर घरपट्टीचा एक माणूस उभा. फोनवर निरोप आला, ‘दामूबाब गेले, अग्नी आजच.’ मी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि खिडकीतल्या माणसाला म्हणालो, “पुढचा कागद द्या.” अंत्ययात्रेला गेलो नाही. जायचं धाडस नव्हतं, एवढंच खरं कारण आहे.

पालिकेचं नाव मी लिहीत नाही. उत्तर गोव्यातली एक लहान पालिका, बाजाराला लागून असलेली, आज जिच्यात मी वरिष्ठ कारकून आहे. ही जागा दामूबाबांची. मी नोकरीला लागलो तेव्हा ते तिथं बसत आणि मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ. उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या खिशात तपकिरीची डबी. साहेबासमोर शुद्ध मराठी बोलत आणि साहेबाची पाठ फिरली की पेडण्याकडची बोली. पालिकेच्या कारकुनाला काय काय पाहावं लागतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. जन्ममृत्यूचे दाखले, बाजारातल्या जागा, मंडळाच्या सभेचं इतिवृत्त, स्मशानातली लाकडं, आणि या सगळ्यांत लोकांना सर्वांत नको असलेलं काम म्हणजे नोटीस बजावणं. कायदा सांगतो, नोटीस त्या माणसाच्या हाती द्यावी, सही घ्यावी, नाकारली तर दोन पंचांसमक्ष दारावर चिकटवावी. दामूबाबांची पद्धत त्याच्या पुढची होती. ते जात, पाणी मागत, बसत आणि नोटीस सगळी वाचून दाखवत, घरातल्यांच्या भाषेत. मग सही. एकदा मी कंटाळून म्हणालो, “बाब, ते वाचतील ना नंतर.” तर म्हणाले, “कागद देवन येवक पोस्टमन आसा. आपण सांगूक जातंव. लोक कागद घेतत आणि देवाच्या तसबिरीफाटी खोचतत. मगे देव वाचता काय तो?”

बाजारातली एक मासळीवाली त्यांना पाहिलं की ओरडायची, “आयलो गे, यमाचो क्लार्क आयलो!” हे शांतपणे तिच्या टोपलीशी उकिडवे बसत, “यमाक पगार बरो आसता बाये, माका खंय?” असं म्हणत नोटीस वाचायला लागत. ती शिव्या देत देत ऐकायची आणि शेवटी अंगठा उठवायची. मला हे सगळं बघायला आवडायचं. त्यांच्यासारखं व्हावं असं मला कधी वाटलं का? नाही. हे काम लवकर संपावं असंच वाटायचं.

कामतशेटचं घर बाजारामागे होतं. त्याच्या पाठच्या बाजूची जुनी चिऱ्यांची भिंत पावसात फुगली होती, आणि त्या भिंतीला टेकून दोन खोल्या काढून त्यांनी भाड्यानं दिल्या होत्या. त्यांत सिंधुदुर्गातलं एक जोडपं राहायचं. नवरा सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाच्या ट्रकवर, बायको सुगंधा कामतशेटच्याच स्वयंपाकघरात मदतीला. पालिकेच्या इंजिनिअरनं भिंत बघितली आणि लिहून दिलं, धोकादायक, घर आणि पाठच्या खोल्या ताबडतोब रिकाम्या कराव्यात. नोटीस निघाली ती नेमकी चवथीच्या आदल्या दिवशी. दामूबाब घरात थोरले, धारगळच्या घरी गणपती त्यांनीच आणायचा. दुपारची बस चुकवून चालणार नव्हती. त्यांनी दोन्ही प्रती माझ्या हातात दिल्या. एक शेटच्या नावाची, एक त्या जोडप्याच्या. “वाचून दाखय. सही घे. मी थांबतंय तू येयसर.”

मी गेलो तेव्हा शेटचे मुलगे गणपती डोक्यावर घेऊन पायऱ्या चढत होते. शेट दारातच. “येयात, येयात! बऱ्या वेळार आयल्यात!” त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं. डोक्यावर माटोळी, गणपतीच्या वरची फळापानांची लाकडी चौकट, बांधून तयार. सुपाऱ्यांचे घोस, कांगला, नारळ, रानातली कसली कसली फळं. गणपती चौरंगावर बसला. मी पिशवीत हात घातला आणि हात तसाच राहिला… बसलेला गणपती विसर्जनाआधी कुणी हलवत नाही. घर सोडा म्हणून यांना आज कसं सांगायचं? आणि भिंत तर पाठची, देव पुढच्या खोलीत. एवढ्यात नेवऱ्यांची, करंज्यांची, बशी घेऊन सुगंधाच समोर आली. हाताला पीठ लागलेलं. “घेवा हो, आत्ताच तळल्यत. नवरो माझो गावाक गेलो गणपतीक, माका हयच ऱ्हवाचा पडला,” असं हसत हसत म्हणाली. तिच्या नावाची नोटीस माझ्या पिशवीत होती. मी नेवरी खाल्ली, देवाला हात जोडले आणि दर्शनालाच आल्यासारखा निघालो. दीड दिवसांचा गणपती, विसर्जन झालं की देऊ, असं मनाशी ठरवून.

गोव्यातल्या कुठल्याही घरातला माणूस त्या दिवशी माझ्यासारखंच वागला असता, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. कदाचित वागलाही असता. पण पुढचं मी केलं, ते कुणीही केलं नसतं.

दामूबाब पालिकेच्या दारात पिशवी खांद्याला लावून उभे होते.

“दिलंस?”

“दिली.”

“वाचून दाखयलंस?”

“होय.”

“सही?”

“सगळ्यांचे हात पिठाचे होते. चवथ झाल्यावर देतो म्हणाले.”

ते थांबले. सहीशिवाय त्यांनी कधी नोटीस बजावल्याचं लिहिलं नव्हतं. बाहेर बस वाजत होती. “बरां, उद्या चवथ,” असं म्हणून ते आत गेले, उभ्याउभ्याच ‘समक्ष बजावली’ असं लिहून खाली सही केली आणि धावत बस पकडली.

पाऊस त्या दिवसांत थांबलाच नाही. विसर्जनाच्या सकाळी भिंत खोल्यांवर कोसळली. सुगंधा चुलीपाशी होती, ती वाचली नाही.

चौकशीत शेट शपथेवर म्हणाले की नोटीस आमच्या घरी आलीच नाही, आणि ते खरं बोलत होते. कागदावर सही दामूबाबांची. दामूबाबांनी मला दप्तरखान्यात बोलावलं, दार लोटलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, “गेल्लंस मां थंय?” मी म्हणालो, “गेलो होतो.” “आणि?” मी एका फायलीची दोरी बांधायला लागलो. मग त्यांनी डबी काढली, तपकीर न ओढताच परत खिशात ठेवली. “सही माझी आसा,” एवढंच म्हणाले. आणि दार उघडताना, “तुमी जावा आता.” इतकी वर्षं मला ‘तू’ म्हणणारा माणूस. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला ‘तुमी’च म्हटलं.

खोटी नोंद केली म्हणून दामूबाबांवर खटला भरला. त्यांच्या वकिलानं त्यांना सांगितलं होतं म्हणे, की हाताखालच्या माणसाला पाठवलं होतं असं सांगा. त्यांनी ते सांगितलं नाही. का, ते मला आजही कळलेलं नाही. माझी दया आली असेल असं मला वाटत नाही. सहीशिवाय आपण लिहिलं याचा त्यांना माझ्या खोटेपणापेक्षा जास्त राग असावा. पण न्यायालयानं मला साक्षीला बोलावलं. त्या दिवशी नोटीस घेऊन कोण गेलं होतं, असा सरळ प्रश्न. दामूबाब आरोपीच्या जागी उभे होते, ते खाली बघत होते. मी म्हणालो, “मला आठवत नाही.” नोटीस न देणं ही चूक म्हणता येईल. हे मात्र मी शुद्धीवर, शपथ घेऊन केलं.

दामूबाबांची नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेलं. वहिनींनी, त्यांच्या पत्नीनं, धारगळला हमरस्त्याच्या कडेला खानावळ सुरू केली. खटला वर्षानुवर्षं तारखांवर चालू राहिला. न्यायाधीश बदलले, वकील वारला, दुसरा केला. त्यांच्या घरचा गणपती धाकट्या भावाकडे गेला. मी त्यांच्याकडे एकदाच गेलो होतो, सांगायचं ठरवून. “बसा,” म्हणाले. वहिनींनी चहा दिला. आम्ही रस्ता रुंद होणार का, झाला तर खानावळ राहील का, यावर बोललो. चहा संपला. मी उठलो. तेही उठले, दारापर्यंत आले, आणि मी काहीतरी बोलेन म्हणून असेल, थोडे थांबले… मी चपला घातल्या.

बाराव्याला मी गेलो. वहिनींना कुणीतरी सांगितलं होतं की आता खटला बंद होणार. त्यांनी मला बाजूला घेतलं. “साहेब, तुमी हापिसातले. आता तरी ह्यांच्या नावावरचो डाग जातलो मां?” मला उत्तर माहीत होतं. आरोपी मेला की खटला तिथंच संपतो. सुटका होत नाही, दोषही ठरत नाही. फाइल बांधून ठेवतात. तो माणूस कायमचा आरोपीच राहतो. मी म्हणालो, “बघतो.” खिडकीवर दिवसभर आम्ही लोकांना हेच म्हणतो.

पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची होती. कुणी ती हलवली नव्हती, तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “दिवसभर हय बसत. गाडी थांबली काय मान वर करीत. कोणाची वाट बघत, तां माका कधी सांगूक नाय.”

मी वहिनींचा निरोप घेऊन निघालो. त्यानंतर एका वकिलाला भेटलो. आता जबाब बदललास तर तुझ्यावर गुन्हा दाखल होईल, परबांना त्याचा काही उपयोग नाही, असं तो म्हणाला. खरंच असेल. सुगंधाच्या नवऱ्याचा पत्ता मला माहीत नाही, आणि मी तो शोधलेलाही नाही. हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितो आहे, ती वहिनी वाचत नाहीत. म्हणजे हे छापून आलं तरी त्यांना कळेलच असं नाही, आणि हे मला लिहिताना माहीत आहे. शपथेवर दिलेला जबाब शपथेवरच मागे घेणं, आणि धारगळला जाऊन वहिनींना ते तोंडानं सांगणं, एवढं मी देणं लागतो. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.