बंदुकीला लागलेला वेळ

पांढुर्ण्याच्या कलेक्टर कचेरीसमोरच्या टपरीवर तिगावचे एक संत्रेवाले काका बशीत चहा ओतून सावकाश फुंकत होते. बागेत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी त्यांनी बंदुकीच्या लायसनचा अर्ज केला होता. पोलीस तपास झाला, तेवढ्यात पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, फाइल छिंदवाड्याहून इकडे आली आणि तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ऐकून मीच भडकलो.

"इतका उशीर कशाला लावतात हे लोक?"

"बरं झालं ना भाऊ," ते हसले. "अर्ज केला तवा डुकरापेक्षा भावावरच राग जास्त होता, शेताच्या हद्दीच्या धुऱ्यापायी. तवाच बंदूक भेटली असती तं? आता दोघं भाऊ मिळून बागेत डबडं वाजवून डुकरं हाकलून राहिलो."

"मग आज कशाला आलात?"

"अर्ज वापस घ्याले. त्यालेबी टाइम लागते म्हनते."

आणि त्यांनी आणखी दोन चहा सांगितले.