तीन टिंबं

सत्य स्थळकाळावर अवलंबून नसतं, असं आमच्या महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर हिरव्या रंगात लिहिलेलं आहे. त्याच भिंतीमागच्या संगणक प्रयोगशाळेत एक चाचणी होती. ती जगभर पास व्हायची आणि आमच्या कारंजा गावात नापास. तिच्यापायी इंगोले मॅडमनी नऊ दिवस दार आपटलं.

दाराचं आधी सांगतो. मॅडम प्रयोगशाळा सहायक होत्या आणि त्यांना खुर्चीत बसवत नसे. उभ्यानंच चार ओळी टाइप करायच्या, ताडताड बाहेर यायचं, व्हरांड्याच्या टोकाच्या माठापर्यंत जायचं आणि पाणी न पिताच परत फिरायचं. प्रत्येक फेरीला दार दोनदा आपटे. शेजारच्या खोलीत मी मराठी शिकवत असे. माझ्या विद्यार्थ्यांना शांतरस कधी नीट समजला नाही, त्याचं एक कारण हे दार. दुसरं मी.

"मॅडम, दार जरा धरून लावत जा," मी एकदा म्हणालो.

"सर, दार धरू का डोक्यातलं धरू? डोक्यातलं सुटलं तं मंग सापडत नाही."

डोक्यात डीबगर असे. चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं हे साधन. मॅडम वापरत तो डीबगर फुकट मिळणारा, देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून सांभाळलेला. त्यात मॅडमना एक चूक सापडली आणि त्यांनी ती दुरुस्तही केली. पण अशी दुरुस्ती पाठवण्याआधी आपल्या यंत्रावर सगळ्या चाचण्या पास व्हाव्या लागतात. सगळ्या झाल्या, एक सोडून. ती डीबगरला एक मजकूर छापायला लावी आणि तो बरोबर उमटला की नाही एवढंच तपासत असे.

"पहिलीच्या पोराचं काम हाय सर, आन् हा नापास होऊन राह्यला!"

नऊ दिवसांत त्यांनी प्रथम लिपीवर संशय घेतला, मग कम्पायलरवर, मग माझ्यावर, कारण माझ्या खोलीतला पंखा त्यांच्याच वायरवर होता. दहाव्या दिवशी दार एकदाच आपटलं आणि मॅडम थेट माझ्या वर्गात आल्या.

"पेन ड्राइव्हवर पास! तोच प्रोग्राम, तिथं पास, इथं नापास!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तास बुडाल्याचा आनंद होता.

झालं होतं ते असं. छापायचा मजकूर म्हणजे त्या प्रोग्रामचाच पत्ता, कुठल्या फोल्डरात तो राहतो तो. डीबगर पहिली दोनशे अक्षरं छापतो, पुढे तीन टिंबं देतो आणि थांबतो. दोनशे अक्षरांहून लांब पत्ता कुणाचा असणार? मॅडमचा होता. पेन ड्राइव्हवर पत्ता आखूड, म्हणून पुरता छापला जाई; इथं मध्येच कापला जाई आणि चाचणी नापास. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून मला एकेक फोल्डर वाचून दाखवलं. पहिलं, कुसुम महादेवराव गावंडे, मुक्काम मेडशी, तालुका मालेगाव. त्याच्या पोटात आशा प्रभाकरराव इंगोले, मुक्काम कारंजा लाड, जिल्हा वाशिम. त्याच्या पोटात कामाचं वर्णन, एकही शब्द न तोडता.

"ही कुसुम कोण?" मी विचारलं.

"मीच. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं 'आशा' लिवलं, आन् ताट उचललं. झाली कुसुम खतम. आधार कार्डावर नाही, रेशन कार्डावर नाही, इथल्या मस्टरवर नाही. या फोल्डरात तेवढी हाय."

त्यांनी सगळा प्रकार कळवल्यावर, आलेल्या दुरुस्त्या पारखून घेणाऱ्या परदेशातल्या तपासनिसाचं उत्तर आलं: फोल्डरचं नाव लहान करा, आमच्याकडे चाचणी व्यवस्थित चालते. प्राचार्यांचंही तेच मत पडलं. "करून टाका हो लहान. कॉलेजचं नाव होईल."

मिनिटाचं काम होतं. मॅडमनी ते केलं नाही. दार मात्र इतक्यांदा आपटलं की मी मोजायचं सोडलं. माठाजवळ त्यांना गाठून म्हणालो, "मॅडम, तुमची दुरुस्ती अडकून पडेल."

"पडू द्या. चूक चाचणीची हाय. कोनाचं नाव एवढं लांब राहातच नसन, असं तिनं धरून ठेवलं. मंग मी काहून लहान होऊ? तिनं मोठं व्हावं."

त्यांनी चाचणीत एक ओळ घातली. छापण्याआधी डीबगरला सांगायचं, की मजकूर कापू नको, असेल तेवढा सगळा छाप. ती ओळ आणि आधीची दुरुस्ती त्यांनी एकदमच पाठवली. मग आठ दिवस काही उत्तर नाही. त्या आठवड्यात मी शांतरस सोडून रौद्ररस घेतला. मुलांना तो पटकन समजला.

नवव्या दिवशी बराच वेळ दार वाजलं नाही, म्हणून मी पाहायला गेलो. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. पडद्यावर एकच वाक्य होतं: तुमचं बरोबर आहे, दोन्ही बदल घेतले. त्या अर्धं मिनिट बसून राहिल्या असतील. मग उठून माठापर्यंत गेल्या आणि त्या दिवशी पाणी प्यायल्या.

सत्कार झाला. प्राचार्य पाऊण तास बोलले. कारंजा जगाच्या नकाशावर गेल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं. डीबगर हा शब्द त्यांनी टाळला. शाल, श्रीफळ आणि संगमरवरी स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर संस्थेचं पूर्ण नाव होतं, अध्यक्षांचं पूर्ण नाव होतं, प्राचार्यांचं सर्व पदव्यांसह होतं, आणि खाली उरलेल्या जागेत: सौ. ए. पी. इंगोले.

मॅडमनी ते उलटंपालटं करून पाहिलं, अगदी तळसुद्धा.

"सर, याच्यापेक्षा डीबगर बरा," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तो कापते तं तीन टिंबं तरी ठेवते."

उन्हाळ्यात त्या नोकरी सोडून अमरावतीला लेकीकडे राहायला गेल्या. शाल नेली, स्मृतिचिन्ह इथेच ठेवून गेल्या. ते बऱ्यापैकी जड आहे. नव्या सहायकानं ते प्रयोगशाळेच्या दाराला टेकवलंय. दार आता आपटत नाही.