सिस्टरचा नाताळ

आमच्या सिस्टरचा नाताळ पंचवीस डिसेंबरला कधीच येत नसे. तो जानेवारीत यायचा, एकदा तर फेब्रुवारी उजाडल्यावर आला. कोणत्या दिवशी येणार, हे आदल्या संध्याकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नसायचं. मग फोन वाजायचा आणि वॉर्डातल्या पेशंटला उद्याची रक्ततपासणी सांगावी तशा आवाजात त्या सांगायच्या, "सर, उद्या माझा नाताळ. सहाला या. येताना खुर्ची घेऊन या."

खुर्ची आणायची, कारण त्यांच्या घरात दोनच होत्या. दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला आमच्या इमारतीची लिफ्ट खुर्च्यांनी भरून जायची. प्लास्टिकची, घडीची, ऑफिसातून आणलेली चाकांची. अनोळखी माणसाला वाटावं, कोणीतरी घर बदलतं आहे.

कुवेतमध्ये, अबू हलीफात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत आमची पाच मजली इमारत आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि एका भारतीय शाळेच्या ग्रंथालयात काम करतो, म्हणून मला सगळे सर म्हणतात. सिस्टर चौथ्या मजल्यावर राहायच्या. संगमनेरकडच्या एका ख्रिस्ती घरातल्या. पती फार लवकर गेले, मुलगी भावाकडे वाढली, आणि सिस्टर इथे एका हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात वीसेक वर्षं राबल्या. दारावर त्यांचं नाव होतं, पण इमारतीतले मिसरी, म्हणजे इजिप्तचे, लोकसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचे.

पंचवीस डिसेंबरला त्या न चुकता ड्यूटी मागून घ्यायच्या. तरुण नर्सना सुट्टी मिळावी म्हणून, असं मला आधी वाटलं. तसं मी म्हणालोही. त्या म्हणाल्या, "तेवढी काही मी मोठ्या मनाची नाही, सर. पंचवीसला सगळ्या जगाला माणसं असतात. नंतर नसतात. म्हणून माझा नंतर."

याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. आता तरी कळला आहे का, ते लिहिता लिहिता बघतो आहे.

इथल्या हिवाळ्याबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून गोंधळ आहे. कुवेतचे लोक वर्षभर थंडीची वाट पाहतात. वाळवंटात तंबू पडतात, घरंच्या घरं तिथे राहायला जातात. आपल्याकडेही हिवाळा म्हणजे चांगलेच दिवस. हुरडा, बोरं, शेकोटी. थंडीत माणूस खचतो, असं मी मराठीत कुठे फारसं वाचलेलं नव्हतं. त्यामुळे बायको मुलाच्या बारावीसाठी नाशिकला परत गेली आणि मी इथे पहिला जानेवारी एकट्याने काढायला लागलो, तेव्हा मला काय होतंय याला माझ्याजवळ शब्दच नव्हता. मॉलमधली झाडं काढून नेली होती. पाचलाच सूर्य बुडायचा. सकाळी दहापर्यंत समुद्रावरचं धुकं खिडकीला चिकटून असायचं, आणि धुकं नसेल त्या दिवशी धूळ. शाळेतून आलं की मी हीटरसमोर बसायचो आणि दिवा लावायला उठायचो नाही. राजीनाम्याचं पत्र टाइप करून ठेवलं होतं. ते का टाइप केलं, हेही मला सांगता आलं नसतं.

अशाच एका संध्याकाळी बेल वाजली. दारात सिस्टर. तोवर आमची ओळख लिफ्टपुरती होती.

"घरात आहात ना, सर? मग दिवा का नाही?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, कपाळाला हात लावला.

"ताप नाही. जानेवारी लागलाय तुम्हाला."

"म्हणजे?"

"ऊन लागतं माणसाला, तसा जानेवारी लागतो. वॉर्डात दर साली बघते मी. पंचवीसपर्यंत, एकतीसपर्यंत माणूस दम धरून राहतो. मग सोडून देतो."

"यावर औषध?"

"उद्या माझा नाताळ आहे. सहाला या. खुर्ची घेऊन या."

मी चाचरत म्हणालो की नाताळ होऊन तीन आठवडे झाले.

"तुमचा झाला असंल," त्या म्हणाल्या. "माझा बाकी आहे."

मी गेलो. माझ्याकडे एकच खुर्ची उरली होती, ती घेऊन गेलो. इतरांच्या गॅलरीतले तारे कचऱ्यात गेले होते, तेव्हा सिस्टरच्या गॅलरीत कागदी तारा नुकताच लागला होता. त्यांनी छोटी प्रार्थना केली, तीही उभ्या उभ्या, कारण चुलीवर रस्सा होता. गॅसला त्या चूलच म्हणायच्या. बाजरीच्या भाकरी, काळ्या मसाल्याची कोंबडी, करंज्या आणि शंकरपाळे. कोंबडी हुसेनभाईंनी आणून दिलेली, त्यामुळे हलालची चौकशी कोणाला करावी लागायची नाही. हुसेनभाई म्हणजे आमच्या इमारतीखालच्या बकाल्याचे, म्हणजे किराणा दुकानाचे मालक. रत्नागिरीकडचे. ते आणि त्यांचा भाऊ दुकान चालवायचे आणि मागच्या खोलीत राहायचे. प्रयोगशाळेत काम करणारी लातूरची प्राजक्ता होती, तिचा नवरा होता, आणि त्यांची इरा, जिच्याशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत यायचं.

"सिस्टर, तुमचा नाताळ दर साली सरकतो कसा काय?" हुसेनभाईंनी विचारलं.

"तुमची ईद नाही सरकत?"

"ती चंद्र बघून सरकते."

"मीबी कायतरी बघते," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. "खा गुमान."

निघताना मी खुर्ची उचलली, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, सर. उद्या न्या."

घरात तेवढी एकच खुर्ची आहे, हे सांगायला मला लाज वाटली. सकाळचा चहा मी उभ्याने घेतला. संध्याकाळी खुर्ची आणायला गेलो, तर सिस्टरनी त्याच खुर्चीवर बसवून चहा दिला आणि उरलेल्या करंज्या पुढे ठेवल्या. तासभर आम्ही काही विशेष बोललो नाही. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "सणाचा दिवस कसाबसा निघतो, सर. दुसरा निघत नाही."

राजीनाम्याचं पत्र मी नंतर फाडलं. त्या दिवशीच फाडलं असं नाही. पण फाडलं.

पुढे दर वर्षी कोणाची ना कोणाची खुर्ची त्यांच्याकडे राहायची. प्राजक्ताच्या नवऱ्याची नोकरी गेली, त्या वर्षी त्याची राहिली. मला वाटायचं, लोक विसरतात.

गेल्या ऑक्टोबरात सिस्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गावी गेल्या. लिफ्टपर्यंत त्यांची बॅग मीच ओढत नेली. "जानेवारीच्या आत येते," त्या म्हणाल्या. मी विचारलं, यंदा नाताळ कधी? त्या हसल्या. "अजून कुठं काय दिसलंय?" लिफ्टचं दार बंद झालं.

नोव्हेंबरात त्यांच्या मुलीचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. चालायलाही लागल्या होत्या. आठवड्याने झोपेत गेल्या. मुलगी सांगत होती आणि मी एकसारखा "हो का, हो का" म्हणत होतो, जसं काही कोणीतरी परीक्षेचा निकाल सांगतं आहे. त्यांच्या फ्लॅटमध्ये महिन्याभरात दुसरं कुटुंब आलं. सामानातला कागदी तारा इमारतीच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, माझ्या दाराशी आणून ठेवला. माझ्याच का, ते त्यालाही सांगता आलं नाही. "सिस्टर," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

तारा आला, म्हणजे नाताळ मी करायचा, असं माझ्या मनाने घेतलं. पण कधी? पुस्तकातल्या माणसाने करावं तेच मी केलं. गेल्या सहा वर्षांच्या डायऱ्या काढल्या. मी रोज एक ओळ लिहितो. सिस्टरच्या सहाही नाताळांचे दिवस सापडले. त्यांचा तक्ता केला. वार वेगळे, आठवडे वेगळे. हवा पाहिली, तर एकदा पाऊस, एकदा धुकं, एकदा स्वच्छ ऊन. मग मी पंचांग उघडलं. एका ख्रिस्ती बाईच्या नाताळची तिथी मी पंचांगात शोधतो आहे, हे मला तेव्हा विचित्रही वाटलं नाही. सहापैकी तीन दिवस संकष्टीच्या आगेमागे निघाले. मला फार आनंद झाला. येत्या संकष्टीचा दिवस धरून मी आठवडाभर आधी सगळ्यांना मेसेज पाठवला. जेवायला कोंबडी आहे, हेही लिहिलं.

पाच मिनिटांत प्राजक्ताचा फोन.

"सर, त्या दिवशी माझा उपवास असतो. चंद्रोदय होईपर्यंत मी फक्त पाणी पिते. सिस्टर ठेवतील का कधी संकष्टीला कोंबडी?"

"मग त्या दिवस कसा ठरवायच्या?"

"मला वाटतं, इरावरून. इराला ताप येऊन गेला की दोन दिवसांत त्यांचा नाताळ असायचा. पहिल्या वर्षी तर नक्की."

खाली हुसेनभाईंना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या वालिदांची खबर गावाहून आली, त्याच्या तिसऱ्या रोजी सिस्टरनी बोलावलेलं. मला वाटायचं, माझ्यासाठीच असतं. पण दर साली काय माझा बाप मरत नाही."

पहिल्या वर्षी तो माझ्यासाठी होता, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. आता त्याच वर्षी इराचा तापही निघाला. मग तो कोणाचा होता? का त्यांच्याच आयुष्यातल्या कुठल्या दिवसाला त्यांना सोबत हवी असायची आणि आम्ही सगळे उगीच स्वतःला पेशंट समजत होतो? त्यांच्या मुलीला विचारावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. पण काय विचारणार? तुमची आई दुःखाचे दिवस कसे मोजायची, हे एकदाच फोनवर बोललेल्या माणसाने विचारायचं?

मी मेसेज मागे घेतला. तारा कपाटावर ठेवला. जानेवारी गेला. सिस्टरशिवायचा पहिला जानेवारी कसा गेला, ते लिहीत नाही. डायरीत त्या महिन्याच्या बऱ्याच ओळी कोऱ्या आहेत.

फेब्रुवारीत राष्ट्रीय दिनासाठी इमारतींवर झेंडे लागले. एका संध्याकाळी मी ब्रेड आणायला खाली उतरलो. हुसेनभाई गल्ल्यामागे बसले होते आणि समोर दोन ग्लास चहा होता. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांचा भाऊ डिसेंबरात कायमचा गावी गेला, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे, ऐकलं होतं.

"कोणी येणार आहे का?" मी ग्लासाकडे बघत विचारलं.

"नाही हो. हाताला सवय. दोन ओततो, मग एक मोरीत." त्यांनी ब्रेड पिशवीत घातला. "काय सर, सिस्टरचा नाताळ यंदा राहिला तो राहिलाच?"

"मला दिवस सापडत नाही, हुसेनभाई."

"मी रोज फोनची वाट बघायचो. म्हटलं, सर करतील." त्यांनी दुसरा ग्लास उचलला, पण ओतला नाही, तसाच धरून ठेवला.

"उद्या," मी म्हणालो.

"उद्या काय?"

"नाताळ. सहाला या. येताना खुर्ची घेऊन या."

बोलून गेल्यावर मला भीती वाटली. घरात बाजरीचं पीठ नव्हतं, तक्ता बघितला नव्हता, पंचांगही नाही. मी काहीच बघितलं नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

माझ्या करंज्या तळताना फुटल्या. प्राजक्ता म्हणाली, "सर, हे सारण आहे की शिक्षा?" आणि उरलेल्या तिने तळल्या. भाकरी कोणालाच जमल्या नाहीत, ब्रेड होता. प्रार्थना येणारं कोणी नव्हतं, तेव्हा सगळे थोडा वेळ नुसते उभे राहिलो. गॅलरीत झेंड्यांच्या शेजारी तारा लागलेला बघून समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. इराने विचारलं, "इज इट सिस्टर आंटीज ख्रिसमस?" मी हो म्हणालो. मग वाटलं, आहे का? मग पुन्हा हो म्हणालो.

आठच्या सुमाराला एकेक जण खुर्च्या उचलून निघाला. हुसेनभाईंची खुर्ची म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागची, बसून बसून मधोमध खोल झालेली. त्यांनी ती काखेत धरली आणि चपला शोधू लागले.

"राहू द्या, हुसेनभाई," मी म्हणालो. "उद्या न्या."

"अहो सर, दुकानात मग दिवसभर उभा राहू?"

"उद्या न्या."

चपला शोधायचे ते थांबले. त्यांनाही एखाद्या वर्षीची स्वतःची राहिलेली खुर्ची आठवली की काय, मला माहीत नाही. त्यांनी ती हळूच खाली ठेवली. भिंतीशी नाही, माझ्या खुर्चीच्या बाजूला.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.