लेले मॅडमना दिलेला स्टार

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण आधी चहाचा कप खाली ठेवा.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच. ज्या मुलांना बोलणं, मागणं, थांबणं अवघड जातं, त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना ते शिकवते. बिहेवियर थेरपी टेक्निशियन! सासूबाई शेजारी सांगतात, "मुलं खेळवते." या कामाचं सर्टिफिकेट टिकवायला सुपरवायझरसमोर काम करून दाखवावं लागतं. नापास झालं की काम बंद आणि माझा ईशान दुसऱ्या कुणाकडे. सहा वर्षांचा पोरगा, एका वेळी एकच शब्द बोलणारा. त्याला सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती.

आमच्या सुपरवायझर लेले मॅडम. मागच्या वेळी म्हणाल्या, "मुलाने काही नीट केलं की लगेच, मनापासून, नेमकं कौतुक करायचं असतं. तुम्ही नुसतं 'बरं आहे' म्हणता."

अहो, पुण्यात 'बरं आहे' हेच कौतुक! त्याच्यावर आमच्याकडे पायरीच नाही. पण परीक्षेत हे कोण ऐकणार? ठरवलं, सराव करायचा. दिसेल त्याचं कौतुक!

सुरुवात घरातूनच.

"वा आई! आमटी किती छान ढवळताय!"

सासूबाईंचा हात थांबला. "काय चुकलं ते सरळ सांग."

"काही नाही हो, खरंच छान!"

"टोमणे कळतात हो मला."

संध्याकाळी नवऱ्याकडे तक्रार गेली आणि दोन दिवस आमटी बंद झाली. वाण्याला म्हटलं, "वा काका! किती पटकन सुटे दिलेत!" तर म्हणाला, "घाई असेल तर दुसरं दुकान बघा." तरी मी हटले नाही. कौतुकाची सवय लोकांना नाही, त्यात माझा काय दोष?

परीक्षेच्या दिवशी बिबवेवाडीहून कोथरूडला निघाले. पहिलाच रिक्षावाला तयार झाला. आता सांगा, अशा माणसाचं कौतुक नको करायला?

"वा दादा! विचारल्याबरोबर हो म्हणालात!"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षा कडेला घेतली. "आम्ही नाही म्हटलं तरी बोलता, हो म्हटलं तरी बोलता. उतरा!"

पुढची रिक्षा मिळेपर्यंत व्हायचा तो उशीर झाला. घामाघूम होऊन ईशानच्या घरी पोचले, तर लेले मॅडम सोफ्यावर, नजर घड्याळावर. आता माफी मागायची की नाही? पण जिभेला सवय लागलेली!

"वा मॅडम! किती छान थांबलात!"

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण नीट थांबलेल्या मुलाला आम्ही स्टार देतो ना? हाताने आपलं काम केलं. पर्समधून चकचकीत स्टार काढला आणि मॅडमच्या हातावर चिकटवला.

ईशानची आई स्वयंपाकघरात पळाली. मॅडम हाताकडे बघतच राहिल्या. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात ईशान टाळ्या वाजवत ओरडला, "मॅडम स्टार!"

दोन शब्द! एकत्र! मी परीक्षा विसरले, मॅडमना विसरले. "वा ईशान! दोन शब्द एकदम बोललास!" म्हणत त्याच्यासमोर फतकल मारून बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लगेच, मनापासून, नेमकं. सराव कसला, मला काही आठवतच नव्हतं.

पुढचा तास मॅडम आमचं काम बघत वहीत टिपत होत्या. निघताना दारात म्हणाल्या, "पास आहात. कौतुक..." मी श्वास रोखला. "बरं होतं."

मग हातावरचा स्टार सोडवून त्यांनी माझ्या कपाळावर चिकटवला. "वा! किती छान उशिरा आलात!"

हे कौतुक की टोमणा, याचाच विचार करत मी बसमध्ये बसले. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. वाटलं, आनंद चेहऱ्यावर दिसतोय!

दार सासूबाईंनी उघडलं. कपाळाकडे नीट निरखून बघितलं.

"मिळालं वाटतं सर्टिफिकेट. फ्रेम करायचंय, की असंच लावून फिरणार?"