चिमाच्या बांधातली घाण

चिमाचं वर्ष दोन कामांत जातं. पावसाळ्यात भात, थंडीत भाजी. भात घरी खायला, भाजी लांज्याच्या बाजाराला. डिसेंबर लागला की मातीच्या गोणी एकावर एक रचून ती घराखालच्या पऱ्ह्याला, त्या लहानशा ओढ्याला, बांध घालते. त्या तुंबलेल्या पाण्यावर तिचा मुळा आणि लाल माठ पोसतो, आणि त्यातच धुऊन पाटीत भरला जातो. स्टँडसमोर बसणाऱ्यांत चिमाचीच भाजी स्वच्छ, असं गिऱ्हाइकं म्हणायची. चिमाला ते ऐकायला फार आवडायचं.

यंदा त्या पाण्यात डायपर आले. सकाळच्या धुक्यात पाण्यात उतरावं तर फुगलेलं, बुळबुळीत काहीतरी पोटरीला चिकटायचं. एक काठीने उचलताना फुटला आणि आतला पिवळा लगदा तिच्या पातळावर सांडला. शिकली-सवरलेली माणसं, आणि पोरांचं हगलेलं दुसऱ्याच्या पाण्यात टाकतात, थू!

माणसं म्हणजे पऱ्ह्याच्या वरच्या अंगाला बंगला बांधलेले मुंबईकर. बंगला राखणाऱ्या हरिश्चंद्राला तिने चारचौघांत नको नको ते सुनावलं. दिवाळीपासून कुलूप आहे, असं तो बिचारा सांगत राहिला. चिमाने ऐकून घेतलं असेल तर शपथ. एका सकाळी त्याला पकडायचंच म्हणून ती पऱ्ह्याकाठी, बांधाच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागे कुडकुडत बसली.

पिशवी घेऊन आली ती तिची सून, अक्षया. मुलगा विनीत मुंबईला नोकरीत, आणि सहा महिन्यांच्या समर्थला घेऊन अक्षया थंडीपुरती गावी आलेली.

चिमा जाळीमागून उठून पुढे आली. म्हणाली, "जाळून टाकायला काय झालं होतं तुला?"

अक्षया गोंधळली. "आई, तुमीच बोललात ना? पोराचं काय जाळू नको, त्याच्या अंगावर उठतं. व्हात्या पाण्यात सोड म्हणून."

बोलली होती. आल्याच दिवशी, दोनदा बजावून. आणि वाहतं पाणी अडवलं होतं तेही तिनेच. दोन आठवडे त्यात धुतलेला माठ लोकांनी विश्वासाने नेला, शिजवला, खाल्ला. आता चिमाला स्वतःचीच किळस आली.

त्या दिवशी पाटी भरली नाही. तिने पिशवी हिसकावून घेतली, वाळल्या पानांचा पातेरा ओढला आणि काडी लावली. धूर निघाला तशी ती घराकडे धावली आणि झोपलेल्या समर्थचं अंगडं वर करून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.